अकरावा रकाना

तुरुंगाच्या कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केलेल्या त्या गृहस्थांना कुणी नावानं हाक मारल्याचं कुणाला आठवत नाही. सगळे त्यांना 'अकरावा' म्हणत. का, ते सांगतो. नवा कैदी आला की त्याचं एक जाड पिवळं कार्ड तयार व्हायचं. त्यावर वय, उंची, अंगावरच्या खुणा असे दहा रकाने आणि शेवटचा अकरावा : गुन्ह्याचं कारण. जागा किती, तर दीड बोट. एवढ्या जागेत माणूस चोर का झाला ते लिहायचं! देवालाही जमलं नसतं, पण यांना पगारच त्याचा होता.

बरं, कारण स्वतःच्या मनचं लिहूनही भागत नसे. ते साहेबाच्या मनचं लागे. पहिले अधीक्षक हातात भूमितीचा परकार घेऊन कैद्यांची कपाळं आणि कान मोजायचे. गुन्हेगार जन्मालाच तसा येतो, हे त्यांचं ठाम मत. त्यांच्या काळातली सगळी कार्डं 'उपजत'. दुसरे आले, ते म्हणाले, गरिबी हेच सगळ्याचं मूळ. झालं, 'हलाखी' सुरू. एका पेढीचा मालक अफरातफरीत आत आला, बोटांवर अंगठ्यांचे वळ तसेच होते, तोही हलाखीतच बसला. तिसऱ्यांनी 'संगत' आणली. तेव्हा एका खिसेकापूनं तक्रार केली, "साहेब, मी जन्मभर एकट्यानं धंदा केला. संगत कुणाची लिहिता?"

"लिहून ठेवतो," अकरावा म्हणाले. "इथं मिळेलच."

चौथ्यांनी सगळ्यांचं बालपण उकरून काढलं. कुठलाही साहेब येवो, पळसाला पानं तीनच. रकाना दीड बोटाचा तो दीड बोटाचाच राहिला.

असं असलं तरी ते दिवस सुखाचे होते, हे अकरावा निवृत्तीनंतर नऊ वर्षं रोज बायकोला सांगत. दप्तरखोलीत डिंकाचा आणि जुन्या कागदाचा वास असायचा. उंचावरच्या खिडकीतून दुपारी उन्हाची एक पट्टी यायची, ती टेबलाच्या दुसऱ्या खणापाशी पोचली की चहा आलाच म्हणून समजावं. एक पाय आखूड असलेलं स्टूल होतं, त्यावर नवा माणूस बसला की हमखास डुलायचा आणि सगळे हसायचे. आता आयता चहा मिळतो, खुर्चीही डुलत नाही, आणि करमत मात्र नाही.

बायको सगळं ऐकून घ्यायची. एकाच गोष्टीवर मात्र बोट ठेवायची. "बाजारात जायला तुम्ही तो लांबचा वळसा का घेता हो?"

त्यावर अकरावा पेपर वाचायचे.

वळसा होता कुलूपवाल्यामुळे. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याची टपरी होती आणि चाळीस वर्षांपूर्वी तो कार्डावर आला होता. गुन्हा घरफोडीचा, तोही तिसऱ्यांदा, तोही त्याच घरात. अकरावांनी तेव्हा त्याला विचारलं होतं, "घेतलंस काय?"

"काही नाही, साहेब."

"मग गेलास कशाला?"

"ते आमचंच घर होतं. वडील गेले आणि काकानं विकलं. नवी माणसं गावाला गेली की मी मागच्या खोलीत जाऊन बसायचो. तिथं बसलं की बरं वाटायचं."

अकरावांनी रकान्याकडे पाहिलं. एवढं सगळं तिथं मावणार कसं? तेवढ्यात परकारवाले साहेब आत डोकावले. "तिसऱ्यांदा ना? मग विचारता काय? उपजत लिहा." अकरावांनी लिहिलं. अक्षर मोत्यासारखं आलं, त्याचा त्यांना आनंदही झाला.

पुढे तुरुंगातली कुलपं दुरुस्त करायला त्यालाच लावलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं म्हणून सगळे हसायचे. दप्तरखोलीची किल्ली अडकायची म्हणून त्यानं अकरावांना नवी करून दिली, लोण्यासारखी फिरणारी. वर्षभरानं लवकर सुटकेसाठी त्याचा अर्ज समितीपुढे गेला. समितीनं कार्डाचा शेवटचा रकाना तेवढा वाचला आणि अर्ज फेटाळला. उपजत चोराला लवकर सोडून करायचं काय? राहिलेली शिक्षा भोगून तो बाहेर पडला, त्याच्या दोन महिने आधी त्याची आई गेली होती. अकरावांनी हे कुणालाच सांगितलं नाही. बायकोला सांगितलं तेही नऊ वर्षांच्या वळशानंतर, तुरुंग गावाबाहेर हलला आणि मागे राहिलेली जुनी कार्डं सोमवारी लगद्यात जाणार असं कळलं त्या दिवशी.

ती म्हणाली, "मग इथं बसून काय राहिलात? कार्ड गेलं म्हणजे तुमच्या मनातून जाणार आहे का?"

शनिवारी दुपारी अकरावा जुन्या इमारतीत गेले. किल्ली परत करायची राहूनच गेली होती. ती अजूनही लोण्यासारखी फिरली. आत तोच वास, उन्हाची तीच पट्टी. कार्ड शोधायला वेळ लागला नाही, गठ्ठे त्यांनीच बांधले होते. 'उपजत.' शाई जराही उडाली नव्हती. त्यांनी कार्ड सदऱ्याच्या आतल्या खिशात घातलं आणि निघायचं सोडून त्या आखूड पायाच्या स्टुलावर बसले. डुलले. डोळे भरून आले.

पहारेकरी दारात येऊन उभा होता. ओळखीचाच होता, म्हणून आवाज चढवला नाही इतकंच. "अहो काका, कुलूप उघडून आत आलात? काही घेतलंत का?"

"नाही," अकरावा म्हणाले. एकोणसत्तराव्या वर्षी केलेली पहिली चोरी छातीशी टोचत होती.

"मग आलात कशाला?"

"इथं बसलं की बरं वाटतं."

बोलून गेले आणि त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. परकार लावला असता तर आपलं कपाळ किती भरलं असतं, असा एक विचार मनात आला. पण हसू आलं नाही.

तिथून ते वळसा न घेता थेट टपरीवर गेले. कुलूपवाला कानशीनं किल्ली घासत होता. केस पांढरे झाले होते, हात तोच होता. त्यानं ओळखलं. "या साहेब. किल्ली अडकते का?"

"नाही. उत्तम फिरते," अकरावा म्हणाले. मग कार्ड त्याच्यापुढे ठेवलं. "हे मी लिहिलं होतं. तू सांगितलंस ते सगळं ऐकून मी हे लिहिलं. तुझा अर्ज ह्याच्यामुळे गेला. माझं चुकलं."

कुलूपवाल्यानं चष्मा चढवला. तो एक शब्द त्यानं पानभर मजकूर वाचावा इतका वेळ वाचला.

"आई रोज दाराकडे तोंड करून बसायची म्हणे," तो म्हणाला. "शेजारीण सांगत होती."

अकरावांच्या तोंडातून आलं ते एकतीस वर्षं पाठ झालेलंच. "जागा फार कमी होती रे. दीड बोट."

कुलूपवाल्यानं मान हलवली. त्यात राग नव्हता. एखादं कुलूप मागून कसं आहे ते बघावं तसं त्यानं कार्ड उलटं केलं, आणि ते दोघांच्या मध्ये ठेवलं.

"साहेब," तो म्हणाला, "मागची बाजू अख्खी कोरी आहे की."