भर वैशाखात नाना अनवाणी चालायचे

आज शनिवार. भर दुपारी मारुतीचं दर्शन घेऊन घरचे सगळे तापलेल्या फरशीवरून उड्या मारत चपलांकडे पळाले. मी आरामात चालत आलो. माझी मोठी बहीण, अक्का, कौतुकानं म्हणाली, "अगदी नानांसारखा!"

मी घाईघाईनं चपला पायात सरकवल्या.

नाना म्हणजे आमचे वडील. सत्तरच्या दशकात धुळ्यात आमचं किराणा दुकान होतं. नानांना मधुमेह होता. चहातली साखर बंद केली की झालं, एवढंच आम्हाला ठाऊक! वैशाखात रस्त्यावरचं डांबर वितळायचं आणि नाना त्यावरून अनवाणी मारुतीला जायचे. शेजारची म्हातारी म्हणायची, "नानास्ले देवनं बळ शे!" नानांना देवाचंच बळ आहे असं मानून लोक वाटेत त्यांच्या पाया पडायचे.

मधुमेहामुळे त्या पायांना काही जाणवतच नव्हतं, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. नानांच्याही नाही. तळव्याची जखम कळली ती वासावरून. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मलाही शुगर आहे. डॉक्टर दर वेळी बजावतात, "रोज तळवे बघा, अनवाणी फिरू नका." मी नुसता हो हो करतो.

आज घरी येऊन आरसा जमिनीवर ठेवला आणि त्यावर पाय धरला. टाचेपाशी रुपयाएवढा फोड होता. मला पत्ताच नव्हता!

नानांच्या पायांना अर्धी गल्ली हात लावायची. तळवा मात्र एकानंही बघितला नाही.

तुमच्या घरी कोणी बघतं का?