अकरा दिवसांची साक्ष

मी तंबाखूतून सुटलो, ही साक्ष मी तीन वर्षांत आमच्या ख्रिस्ती मंडळीसमोर निदान वीस वेळा दिली असेल. त्यातले पहिले अकरा दिवस ती खरी होती. बाराव्या दिवशी मिलच्या फोल्डिंग खात्यात, कापडाच्या गठ्ठ्यांमागे उभं राहून मी पुन्हा तंबाखू-सुपारीचा मावा तोंडात टाकला. म्हटलं, आज एवढाच, रविवारी सगळ्यांसमोर कबूल करू. रविवारी नेमके नवीन लोक आले आणि पाळकसाहेबांनी मलाच उभं केलं. मी उभा राहिलो आणि सुटकेची साक्ष दिली. एकदा खोटी साक्ष दिली की पुढची सोपी जाते. मी तर तिच्यात भरही घालत गेलो. आधी नुसती प्रार्थना होती, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि पुढच्या वर्षी मी उरलेला मावा तापी नदीत फेकून दिल्याचंही त्यात आलं. त्या दिवशी मी तापीकडे फिरकलोसुद्धा नव्हतो.

आमची मंडळी म्हणजे बमरोलीत पाळकसाहेबांच्या घरातली पुढची खोली. बहुतेक सगळे खानदेशातून सुरतेला आलेले, मिलमध्ये नाहीतर लूमवर राबणारे. प्रत्येकाच्या पवित्र शास्त्राला चेनचं रेक्झिनचं कव्हर. माझ्या कव्हराला आत एक कप्पा होता आणि माझा मावा तिथे राहायचा. बायको शर्टाचे खिसे तपासते, पण शास्त्राला कोण हात लावणार? एवढी अक्कल मी चांगल्या कामाला लावली असती तर आज फोल्डिंगचा मास्तर झालो असतो. रोज रात्री मी त्याच पुस्तकावर हात ठेवून क्षमा मागायचो आणि सकाळी त्याच कव्हराची चेन उघडायचो.

आमच्याच इमारतीत तळमजल्यावर संजय राहतो, लूम चालवतो. त्याच्या तोंडात पांढरे चट्टे आले होते. डॉक्टरांनी मावा बंद करायला आणि सोमवारी तुकडा काढून तपासायला सांगितलं होतं. त्याने पाच-सहा वेळा सोडून पाहिलं, जमलं नाही. शनिवारी त्याची बायको कल्पना आमच्या दारात येऊन रडली. "दादा, ते म्हणतात तपासायला जाणारच नाही. म्हणतात, देवाने दादांना एका दिवसात सोडवलं. मला टाकलंय त्याने. मग डॉक्टर काय करणार?" माझ्या हातातला चहा तसाच राहिला. माणूस माझ्या खोट्यावर मरायला निघाला होता. आणि तिला काय हवं होतं? उद्या ती त्याला ओढून मंडळीत आणणार होती, मी त्याला माझी साक्ष सांगावी म्हणून.

रविवारी मी गेलो तेव्हा वाटेत घेतलेल्या माव्याचा वास तोंडात होताच, त्यामुळे ओठ मिटून बसलो. दारापाशी एक अनोळखी म्हातारी बाई बसली होती. गाणं संपल्यावर ती माझ्याकडे वाकली. "भाऊ, माझं पुस्तक घरी राहिलं. जरा देता?" नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. मी मुकाट्याने पुस्तक दिलं. मग आठवलं. तिने चेन उघडली आणि प्लास्टिकची पुडी तिच्या मांडीवर पडली. तिने पुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुडीवर पदर टाकला.

तेवढ्यात पाळकसाहेब म्हणाले, "प्रभुभोजनाआधी दादांची साक्ष ऐकू या. संजयभाऊंसाठी."

मी उभा राहिलो. कल्पना आशेने बघत होती. संजय मान खाली घालून दाराजवळच्या चपलांकडे बघत होता, आपली कुठली ते शोधल्यासारखा. जुनी साक्ष दिली तर तो उठून जाईल आणि उद्या कुठेच जाणार नाही, हे मला दिसत होतं. खरं सांगितलं तर मी संपलो. खोटं कशाला बोलू, मी तिसरी वाटही शोधली. खोकलो. बायकोने लगेच पाणी आणून दिलं. पाणी प्यायलो, तीही वाट बंद झाली.

"सांगा ना भाऊ, जे आहे ते," ती म्हातारी हळूच म्हणाली. "आम्ही काय परके आहोत?" त्या खोलीत परकी तेवढी तीच होती.

आणि मी बोललो. अकरा दिवस, गठ्ठे, कव्हराचा कप्पा, सगळं. मागून एका काकांनी विचारलं, "आणि तापीत फेकलेला?"

"तोही खोटा, काका."

कोणीतरी फिसकन हसलं. बायको शांतपणे म्हणाली, "वास येत होता, मला आणि देवाला. तो बोलला नाही, म्हणून मीही बोलले नाही."

संजयने मान वर केली. "म्हंजे दादा, तुमले बी जमनं नही?"

"नाही रे. अकरा दिवसांपलीकडे कधीच नाही."

तो चपलांपासून सरकून माझ्याजवळ आला. मग म्हणाला, "सकाय मनासंगे येशात का?" उद्या माझ्याबरोबर याल का, म्हणून.

प्रभुभोजनाची भाकर पुढे आली तेव्हा मी हात मागे घेतला. पाळकसाहेब थांबले. "इतकी वर्षं घेतलंत, आणि आज नको?" मग मी घेतलं.

ती बाई दुसऱ्या गल्लीतल्या प्रार्थनेला निघाली होती. पत्ता चुकला, गाणी ओळखीची वाटली म्हणून बसली. चहालाही न थांबता ती वाट विचारून गेली. तिला कोणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. मी फक्त आभार मानतो.

सोमवारी दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघं कोरड्या तोंडाने बसलो होतो. आठवड्याने आलेल्या रिपोर्टात अजून कॅन्सर उतरलेला नव्हता, पण डॉक्टरांनी परत मावा खाल्लास तर इथे येऊ नकोस, असं ठणकावलं. संजयने सोडला. मी त्यानंतर दोनदा पडलो. दोन्ही वेळा त्याच संध्याकाळी त्याला फोन करून सांगितलं. तो उपदेश करत नाही. "मी येस," म्हणतो, येतो आणि बडीशेप चघळत माझ्याशेजारी बसून राहतो. इतकी वर्षं मी प्रभूला माझा विजय दाखवत होतो, जो माझ्याकडे नव्हताच. त्याला माझी हार हवी होती आणि तीच मी लपवत होतो. प्रभूचा हात वरून येईल म्हणून मी आढ्याकडे बघत बसायचो. तो जिन्याने येतो, तीन मजले चढून, धापा टाकत. दार उघडं ठेवणं, एवढंच माझं काम.