देवीला विचारून पाळक

पुण्यात नोकरी करताना मी तिथल्या एका लुथरन चर्चच्या मंडळीत जाऊ लागले आणि पुढे बाप्तिस्माही घेतला. गोव्यात मुळगावला असलेल्या आमच्या घराने ही गोष्ट पचवली ती तिचं नाव न घेता. "तिचां तां पुण्याचां," एवढंच म्हणायचे, एखाद्या त्वचारोगाबद्दल बोलावं तसं.

नोकरी सोडून दक्षिणेतल्या लुथरन सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, शिकायला जायचं ठरवलं, तेव्हा मात्र घर हललं. तिथे दोन वाटा होत्या. एक नुसती धर्मशास्त्राची, प्राध्यापक व्हायला बरी. दुसरी पाळक होण्याची, म्हणजे वेदीपुढे उभं राहून उपदेश करायचा, लग्नं लावायची, माणसं पुरायची. मला दुसरीच हवी होती.

जन्म गोव्यात गेला तरी आमच्या लोकांना ख्रिस्ती म्हणजे लग्न न करणारे पाद्री, तशाच मादर आणि चर्चच्या जत्रेचं फेस्त, एवढंच ठाऊक. आत्याने पहिला प्रश्न विचारला, "लगीन करूंक मेळटा मगे?" करता येतं म्हटल्यावर तिचा निम्मा विरोध मावळला. वडिलांनी तोडगा काढला, "धर्माचो अभ्यास कर गो. पूण देवाक मदीं हाडूं नाका." सेमिनरीला निघालेल्या मुलीला, देवाला मध्ये आणू नको, याहून मोलाचा सल्ला कुणी दिला नसेल.

महिनोन् महिने भांडून काही निघेना, म्हणून नेहमीचा उपाय ठरला. देवीला कौल लावायचा. आमच्याकडे विहीर, जमीन, सोयरीक, सगळं यावरच ठरतं. मूर्तीला ओली पाकळी चिकटवतात. ती उजवीकडे पडली तर हो, डावीकडे पडली तर नाही, आणि हा निकाल आमच्या घरात कुणी मोडलेला नाही. माझ्या मंडळीला कळलं असतं तर सेमिनरीसाठी त्यांनी दिलेली माझी शिफारसच रद्द झाली असती. तरी वडिलांसाठी गेले.

गाऱ्हाणं घालणाऱ्या गुरवाला वडील माझ्याकडे बोट दाखवून हळूच म्हणाले, "चेडू फुडें शिकूंक वता म्हण."

"कितें शिकूंक?"

"एम.ए."

जिला सगळं कळतं म्हणून विचारायचं, तिच्यापासूनच लपवायचं! मला राहवलं नाही. "पाळक जावंक वतां," मी मोठ्याने म्हटलं. "पाद्री म्हणा." गुरव घुटमळला, पण तेही गाऱ्हाण्यात घालून मोकळा झाला.

पाकळी जरा डावीकडे सरकली आणि थांबली. वडिलांचा चेहरा उजळला. मग ती घसरली ती उजवीकडे.

"परत लाव," वडील म्हणाले.

"दिलो तो दिलो," गुरव म्हणाला.

जेवताना वडील ताटाकडे बघत म्हणाले, "देवी पाठयता जाल्यार वच." देवीच मला पाठवते आहे, असं आत्या लगेच शेजारी सांगून आली. मला रडू आलं आणि संतापही आला. इतके महिने मी घसा फोडून सांगत होते ते कुणाच्या कानात शिरलं नाही, आणि एका फुलाच्या पाकळीने सगळ्यांना गप्प केलं.

डावी पडली असती तरी मी गेलेच असते. पण मग वडील पुन्हा माझ्याशी बोलले नसते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. म्हणून ती पाकळी मध्येच अडली तेव्हा मी डोळे मिटून प्रार्थना केली, आयुष्यात कधी केली नव्हती इतक्या मनापासून. कुणाकडे केली, ते मात्र पाळक होऊनही मला अजून सांगता येत नाही.