दक्षिणेचा किनारा, उत्तरेचा खडक

फ्रीमँटलच्या मासेमारी बंदरामागच्या गल्लीत कोरादो मिनेर्विनी याचे घर होते. त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्याच्या स्वयंपाकघरातील टेबलावर दोन रंगीत पुस्तिका बरेच दिवस पडून होत्या. दोन्ही पुस्तिका लांबच्या जलप्रवासाच्या होत्या. पहिल्या पुस्तिकेतील जहाज फ्रीमँटलहून निघून दक्षिणेच्या ल्यूविन भूशिरास वळसा घालून टास्मानिया, न्यूझीलंड, फिजी आणि ताहिती करून परत येणार होते. दुसऱ्या पुस्तिकेतील जहाज उत्तरेकडे किनाऱ्याने वर चढून सिंगापूर, कोलंबो आणि सुएझमार्गे इटलीस जाणार होते. दोन्ही जहाजे फेब्रुवारीत सुटणार होती. दोहोंपैकी एकच निवडावयाचे होते, आणि तेही यंदाच्या मोसमात. कारण कोरादोची फुप्फुसे झिजली होती. पुढच्या हिवाळ्यापर्यंत नाकाला प्राणवायूची नळी लागेल आणि मग कोणतीही जहाज कंपनी तुम्हाला घेणार नाही, असे डॉक्टरांनी त्यास स्पष्ट सांगितले होते.

प्रवासाची कल्पना कोरादो आणि त्याची बायको नुंत्सिया यांची मुलगी लीडिया हिची. कोरादोने मासेमारीची नाव विकली, तेव्हापासून तो खिडकीशी बसून बंदराकडे पाहत असे, आणि तिला ते पाहवत नसे. आईवडिलांनी जन्मात एकदा तरी दुसऱ्याच्या हातचे खाऊन समुद्रावर बसावे, एवढीच तिची इच्छा होती. प्रवास कार्यालयातील मॅरीन नावाच्या बाईंनी दोन्ही मार्ग समजावून सांगितले आणि विचार करून कळवा म्हटले. लीडियाची खात्री होती की माम्मा नाहीच म्हणेल. परंतु नुंत्सियाने नकाशावर बोट ठेवले आणि दक्षिणेचे जहाज मागितले. त्यावर कोरादो म्हणाला, उत्तरेचे. ज्या माणसाने घरातील भिंतीचा रंगसुद्धा कधी स्वतः निवडला नव्हता, तो या एका गोष्टीवर अडून बसला.

सर्वांनी त्याचा अर्थ एकच लावला. कोरादोचा जन्म मोल्फेत्ताचा. लहानपणी बापाबरोबर तो इकडे आला, आणि आता शेवट दिसू लागल्यावर त्यास गाव आठवले. मच्छीमारांच्या क्लबात पत्ते खेळताना शेवंडे, म्हणजे लॉब्स्टर, धरण्याच्या धंद्यातील त्याचा जुना सोबती तोतो त्याची थट्टा करणे सोडत नसे. "अरे, पहिल्या वर्षी नावेवर चढलास तेव्हा शेवंडांच्या वासानेच ओकलास," तो म्हणे. "आता पांढरी टाय बांधून, चांदीच्या काट्याने शेवंडं खाणार म्हणे. तीही गोठवलेली." बाकीचे हसत. कोरादोही हसे, त्यास खोकला येई, आणि विषय तेथेच संपे. गावाचे कारण लोकांनी स्वतःच दिले होते. ते खोटे आहे हे सांगण्याचे त्यास प्रयोजन वाटले नाही.

खरे कारण सावेरियो होता.

सावेरियो त्याचा थोरला मुलगा. वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मे महिन्याच्या अखेरीस, शेवंडांचा हंगाम सरत आलेला असताना, तो एका सोबत्यासह नाव घेऊन पिंजरे उचलावयास गेला आणि परत आला नाही. नावेचे नाव 'नुंत्सिया' होते. कोरादोने ते बायकोवरून ठेवले होते. बायको मात्र त्या नावेवर कधीही चढली नव्हती. स्त्रीने नावेवर पाय ठेवला तर पिंजरे रिकामे येतात, असे त्या पिढीतील माणसे मानत असत, आणि नुंत्सियाही ते मानत असे.

आणखी एक चाल त्यांच्यात होती. जेथे शेवंडे मिळतात तो पाण्याखालचा आपला खडक कोणता, हे मच्छीमार घरात बोलत नसे. घरात बोललेले चर्चमध्ये जाते, चर्चमधून दुकानात जाते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आपल्या खडकावर दुसऱ्याची नाव उभी असते. कोरादोचा खडक उत्तरेस होता, लान्सेलिन गावाच्याही वर. तेथे पोचण्यासाठी त्याच्याजवळ किनाऱ्यावरील खुणा होत्या. त्या खुणा त्यास बापाने दिल्या आणि त्याने सावेरियोस दिल्या. चौथ्या कोणास त्या ठाऊक नव्हत्या. नाव आली नाही तेव्हा कोरादोने पोलिसांस खडकाची जागा तत्काळ सांगितली. शोध योग्य ठिकाणीच झाला. पाण्यावर तेलाचा तवंग आणि पिंजऱ्यांच्या दोन फळ्या तेवढ्या मिळाल्या. पोलिसांनी ते पुरुषांस सांगितले. बायका त्या वेळी घरात नुंत्सियाभोवती बसून होत्या.

जूनपासूनच्या तिकडच्या हिवाळ्यात त्या किनाऱ्याचे पाणी वरून खाली, म्हणजे दक्षिणेकडे, वाहते. काही आठवड्यांनी नावेवरील एक गोल तरंगते कडे दूर दक्षिणेस, ल्यूविन भूशिराशी, ऑगस्टाजवळच्या किनाऱ्यास लागले. त्यावर नुंत्सियाचेच नाव रंगवलेले होते. पाद्रींनी तेथे वाळूवर प्रार्थना केली. त्या दिवशी नुंत्सिया प्रथमच जेवली. तेव्हापासून दर जून महिन्यात ती लीडियास घेऊन त्या किनाऱ्यावर जाते, परसातील रोझमेरीची जुडी पाण्यात सोडते आणि मुलाशी मोठ्याने बोलते. आपला मुलगा येथेच आहे, असे तिने धरले होते.

ती सावरली की तिला खरे सांगावे, असे कोरादोने ठरवले होते. परंतु ती सावरली ती त्या किनाऱ्यामुळेच. मग सांगणार काय? तो एकदाही तिच्याबरोबर तेथे गेला नाही. त्याने दुसरी नाव घेतली, आणि पुढच्या हंगामापासून त्याच उत्तरेच्या खडकावर पिंजरे टाकू लागला. तेथे पोचला की तो इंजिन बंद करी, टोपी काढी, आणि थोडा वेळ काहीच करत नसे. नाव विकली त्या दिवशी हेही संपले. उत्तरेचे जहाज त्या किनाऱ्याने जाणार होते. त्यास इटलीशी काही कर्तव्य नव्हते. पहिल्या दुपारनंतर जहाज बुडाले असते तरी त्याची तक्रार नव्हती.

ऑक्टोबर लागला. मॅरीनबाईंनी दोनदा दूरध्वनी केला. एका सकाळी नुंत्सिया टेबलाशी बसून मोठ्या पावट्याच्या शेंगा सोलत होती आणि कोरादो समोर कॉफी निववत होता. तिने वर न पाहता विचारले, "इतकं काय आहे रे त्या मोल्फेत्तात? आई नाही, बाप नाही, भाऊ बोलत नाही."

काही नाही, असे तो म्हणाला.

"मग ऐक. मी इतकी वर्षं पोराला काठावरून बघते. एकदा मला त्याच्या बाजूने बघायचंय, पाण्यावरून. त्यासाठी मी बोटीवर चढायला तयार झाले. मी. आणि तू त्याच्याकडे पाठ करून बसलायस. आजवर एकदा तरी आलास त्या वाळूवर? गाडीतसुद्धा बसला नाहीस."

कोरादोने कप खाली ठेवला. दक्षिणेस जाण्यास होकार द्यावा, तिच्या शेजारी उभे राहावे आणि जेथे कोणी नाही तेथे हात जोडावे, हे त्यास सहज करता आले असते. ते त्याच्या मनातही आले. परंतु त्यानंतर आपण उत्तरेस कधीही जाणार नाही, हेही त्यास कळत होते.

"तो तिथे नाहीये, नुंत्सिया," तो म्हणाला. "तो वर आहे. माझ्या खडकावर. कडं वाहत खाली गेलं."

तिचे हात थांबले नाहीत. तिने ती शेंग पूर्ण सोलली, दाणे भांड्यात टाकले आणि दुसरी शेंग घेतली. तुला केव्हापासून ठाऊक, असे तिने विचारले. पहिल्या दिवसापासून, असे त्याने सांगितले. त्या खडकावर तू पुढे गेलास का, असे तिने विचारले. दर हंगामात गेलो, असे त्याने सांगितले. तिने आणखी दोन शेंगा सोलल्या.

"म्हणजे तू त्याला भेटत होतास," शेवटी ती म्हणाली. "रोज. शिवाय त्याच्या अंगावरची शेवंडं आणून विकत होतास, आणि मी इथे त्यांचं कालवण करत होते. आणि मला त्या रिकाम्या वाळूवर बोलत ठेवलंस."

त्याने काहीतरी सांगण्याचा प्रयत्न केला. तू शांत झाली होतीस, असे काहीसे. तिने ऐकून घेतले नाही. भांडे उचलून ती मोरीकडे गेली आणि तेथून म्हणाली, "सांग त्या बाईला, उत्तरेचं जहाज. दोघांचं तिकीट."

फेब्रुवारीपर्यंत त्या घरात बोलणे झाले ते औषधाच्या वेळा आणि वीज मंडळाचे देयक यांबद्दल. लीडियास वाटले, माम्माने पापासाठी हट्ट सोडला, आणि त्याबद्दल तिने आईचे कौतुकही केले.  निघण्याच्या दिवशी नुंत्सियाने परसातील रोझमेरी कापून ओल्या फडक्यात गुंडाळली आणि हातातील पिशवीत ठेवली.

जहाज दुपारी सुटले. बंदराच्या भिंतीवर तोतो आणि क्लबातील दोघे हात हलवत उभे होते. कोरादो उजव्या कठड्याशी गेला आणि तेथेच थांबला, कारण जमीन त्या बाजूस असणार होती. नुंत्सिया त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. जन्मात पहिल्यांदाच ती नवऱ्याशेजारी समुद्रावर उभी होती. वाद्ये वाजत होती, तोकडे पोशाख घातलेले म्हातारे पोहण्याच्या तलावात उतरत होते, आणि एक तरुण वाढपी दोघांस पुन्हा पुन्हा थंड पेय विचारत होता.

तासाभराने किनारा करडा झाला. मग त्याची रेघ झाली. मग रेघही गेली.

कोरादोने कठडा दोन्ही हातांनी धरला. मोठी जहाजे खडकांपासून दूर, खोल पाण्यातून जातात. हे त्यास कोणी सांगावयास नको होते. सारा जन्म त्याने आपल्या खडकावरून अशी जहाजे क्षितिजावर पाहिली होती, पांढरी, हाताच्या नखाएवढी. परंतु त्या जहाजावर उभे राहिल्यास खडक कोठून दिसेल, हा विचार त्याने कधीही केला नव्हता. त्याच्या खुणा सर्व जमिनीवर होत्या, आणि जमीन नव्हती. पूर्वेस पाणी होते. पश्चिमेस पाणी होते. दोन्हीकडचे पाणी सारखेच होते.

सूर्य बराच उतरला तेव्हा नुंत्सियाने विचारले, "आलं का?"

होय म्हणणे सोपे होते. तिने पिशवीतील फडके सोडून जुडी हातात धरली होती. कोरादोने पाण्याकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, पुन्हा पाण्याकडे पाहिले. एक खोटी जागा तिने वीस वर्षे जपली होती. दुसरी देण्याचे त्यास धाडस झाले नाही.

"सांगता येत नाही मला," तो म्हणाला. "आत, किनाऱ्याकडे कुठेतरी असेल. किंवा मागे गेलं असेल. किनारा दिसल्याशिवाय मला काहीच कळत नाही."

नुंत्सिया त्याच्याकडे पाहत राहिली. तो रडत होता, आणि श्वास अपुरा असल्यामुळे त्याचे रडणे थांबत थांबत येत होते. तिने त्यास स्पर्श केला नाही. त्या वाढप्याने जवळ येऊन समुद्रात काहीही टाकण्यास मनाई असल्याचे अदबीने सांगितले. तिने मान हलवली आणि जुडी पुन्हा फडक्यात गुंडाळली.

"तुझ्या खडकापेक्षा माझी वाळू बरी होती," ती म्हणाली. "निदान तिथे उभं तरी राहता येतं." आणि ती आत गेली.

पुढचा प्रवास त्यांनी पूर्ण केला. मोल्फेत्तात कोरादोच्या भावाने दार उघडले, कॉफी दिली आणि घड्याळ पाहिले. परतीचा प्रवास विमानाने झाला. कोरादोला प्रवासभर प्राणवायू द्यावा लागला.

जूनमध्ये लीडिया नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आली आणि आईला आणावयास आत गेली; दोघी बाहेर आल्या तेव्हा मागच्या आसनावर पापा नळी लावून आधीच बसलेला होता. ऑगस्टाजवळ वाहनतळापासून वाळूपर्यंत लाकडी पायऱ्या आहेत. त्याला पहिल्या पायरीच्या पुढे जाता आले नाही. तो तेथेच बसला. वारा जोराचा होता आणि लाटा करड्या होत्या. नुंत्सिया खाली न जाता त्याच्या शेजारी बसली आणि तिने त्यास खडकाच्या खुणा मोठ्याने सांगावयास लावल्या. लीडियाने ऐकावे म्हणून तिलाही बोलावून घेतले.

कोरादोने घरातील बायकांसमोर प्रथमच त्या उच्चारल्या. पांढऱ्या टेकडीचे डावे टोक पाण्याच्या जुन्या टाकीवर आणायचे, असे तो म्हणाला, आणि थांबला. मग काळा सुळका बेटाच्या खिंडीत दिसेपर्यंत जायचे. पुन्हा थांबला. श्वास आल्यावर म्हणाला की दोन्ही जुळले की इंजिन बंद करायचे. समोर यांपैकी काहीही नव्हते. लीडियाला खुणा कळल्या. त्या आपल्याला का सांगितल्या जात आहेत, हे मात्र तिला कळत नव्हते.

"पाणी वरून खाली इथे येतं ना?" नुंत्सियाने विचारले.

"हिवाळ्यात येतं," कोरादो म्हणाला.

ती उठली, एकटी पायऱ्या उतरली आणि रोझमेरी पाण्यात सोडली. लाटेने जुडी दोनदा परत आणली. तिसऱ्यांदा ती गेली. या वेळी नुंत्सिया काहीही बोलली नाही.

कोरादो ऑगस्ट संपण्यापूर्वी वारला. त्यास फ्रीमँटलच्या दफनभूमीत पुरले. दगडावर सावेरियोचेही नाव आहे, पण त्याच्या नावाखाली तो कोठल्या पाण्यात गेला याचा उल्लेख नाही. तो घालू नये असे नुंत्सियानेच सांगितले. जून आला की ती अजून दक्षिणेस जाते. मुलाशी बोलत नाही. पायरीवर थोडा वेळ बसते, आणि थंडी वाजू लागली की लीडियाला चल म्हणते.