छातीचं माप

स्वेटरचं ते लोकरीच्या विणीचं कापड ज्यानं शोधून काढलं, त्याला धरून माझ्या मशीनवर बसवायला हवं आणि एक बाही जोडून दाखव म्हणायला हवं. तीन जन्म पुरायचे नाहीत. कात्री लावली की कडा सुरळ्या होऊन पळतात, मशीनखाली सरकवलं की वीतभराचं हातभर होतं, आणि साधी सुई चार टाके घालून पाच गाळते. मी गोल टोकाची सुई आणली. कुणीतरी मोबाईलवर दाखवलं म्हणून शिवणीखाली वर्तमानपत्राच्या पट्ट्या ठेवल्या. त्यातल्या निम्म्या आतच अडकल्या.

आणि हा उपद्व्याप कुणासाठी? मामंजींसाठी. माझे सासरे जुने पैलवान. रोज पहाटे गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीच्या धारेचं दूध प्यायला जाणार, तेही नुसत्या सदऱ्यावर. गेल्या थंडीत असे खोकायचे की रंकाळ्यातली बदकं उडून पन्हाळ्याला जायची. डॉक्टरांनी बजावलं, छाती झाका, नाहीतर पहाटेचं जाणं बंद. आता ते बंद करून कसं चालेल? ‘पैलवान’ अशी हाक मारणारी माणसं त्यांना तेवढ्या एका कट्ट्यावरच उरली आहेत. पण विकतचा स्वेटर नको, म्हणे दंडात अडकतो.

म्हणून मी टेप घेऊन उभी राहिले. टेप छातीला लागली मात्र, मामंजींनी श्वास ओढला. असा ओढला की भिंतीवरचं कॅलेंडर त्यांच्याकडे झुकलं. “घे माप,” एवढं ओठ न हलवता म्हणाले. अठ्ठेचाळीस भरलं. सासऱ्याला श्वास सोडा म्हणायची सोय असते का? गुमान लिहून घेतलं.

स्वेटर झाला, मामंजींनी घातला, आणि आत मामंजीच सापडेनात. बाह्या गुडघ्याला लागल्या. चालले की आतून पेपर वाजायचा. माझा नवरा म्हणाला, अजून दोघं मावतील, शेजारी विचारून येऊ का? म्हणजे सगळा दोष माझ्या शिवणीचा! ती फुगवलेली छाती कुणाला दिसली नव्हती. तोंडाशी आलं होतं, पण मामंजी आरशासमोर उभे होते, पुढचं सैल कापड मुठीत धरून.

“एवढा वाळलो व्हय गं मी?”

लग्नाला एवढी वर्षं झाली, मामंजींशी मी खोटं बोलले ते तेव्हाच.

“तुम्ही कशाला वाळताय, मामंजी. कापडच लबाड हाय.”

मग त्या कापडाचा मी असा उद्धार केला की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी लावून घेतली. कापडाचा झाला, दुकानदाराचा झाला, राहिलेला नवऱ्याला दिला.

दुपारी मामंजींचा डोळा लागल्यावर दोरीवरचा त्यांचा सदरा काढला आणि त्यावरून खरं माप घेतलं. सगळं उसवलं, पुन्हा कापलं, पेपरचा कपटा न् कपटा चिमट्यानं वेचला. तीन दिवस गेले. घरात सांगितलं, गरम पाण्यात घालून आटवतेय.

चौथ्या पहाटे मामंजी नवा स्वेटर घालून निघाले. मी दुधाची किटली घेऊन मागोमाग गेले. कट्ट्यावर राधानगरीकडचा कुणी पावणा होता. त्यानं विचारलं, “पैलवान, अजून किती भरती छाती?”

मामंजींनी श्वास ओढला. मी डोळे मिटले. आता टराटरा उसवणार, भर कट्ट्यावर. पण ते कापड ताणलं, ताणतच गेलं, थेट अठ्ठेचाळीसला पोचलं, आणि श्वास सुटल्यावर जागेवर येऊन बसलं. एक टाका हलला नाही.

पावण्यानं हात फिरवून पाहिला. “सुनेनं शिवला व्हय?”

“शिवण्यात काय हाय,” मामंजी म्हणाले. “कापड चांगलं हाय की.”

किटली तिथंच आपटणार होते. पण भरलेली होती.