फाटक्या कोपऱ्याची निमंत्रणं

माझ्या थोरल्या भावानं भुताचा सिनेमा काढला तेव्हा जाहिरातीचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत शिकवत होते, अक्षर बरं होतं, एवढंच कारण. पुणतांब्याच्या घाटावर, उसन्या कॅमेऱ्यानं काढलेला सिनेमा. मेलेली बाई गावातल्या एकेकाला पत्र धाडते, अशी गोष्ट. वितरक मिळाला नव्हता. पण इथं नगरलाच सिनेमाप्रेमी मंडळांचा मेळावा होता, त्यात रविवारी सकाळचा खेळ मिळाला. साप्ताहिकांत परीक्षणं लिहिणारे येणार होते.

निमंत्रणाची पोस्टकार्डं लिहून झाल्यावर मला युक्ती सुचली. आमच्याकडे मृत्यू कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडतात. असं कार्ड उंबऱ्याबाहेर वाचायचं, लगेच फाडून टाकायचं आणि डोक्यावरून आंघोळ करायची. मी सगळ्या निमंत्रणांचे कोपरे फाडले. दादा खूश.

"चिडले म्हणजे?" मी विचारलं.

"चिडून का होईना, येतील ना!"

बुधवारी संध्याकाळी कार्डं पेटीत टाकली.

गुरुवारी सकाळी मी खिडकीच्या काचांना काळा कागद चिकटवत होते. लढाई सुरू झाली होती. शेजारच्या रेडिओवर सरहद्दीची बातमी लागली आणि माझा खळीनं माखलेला हात थांबला. सिनेमाला मदत केलेल्या सगळ्यांना मी कार्डं लिहिली होती. त्यात भिंगारची माझी मैत्रीण होती. माझ्याच शाळेत शिकवायची. सिनेमातल्या भुताचं हसणं तिचं. तिचा नवरा फौजेत, सरहद्दीवर. तीन आठवडे त्याचं पत्र नव्हतं.

तसली बातमी तारेनं येते, हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. पण फाटका कोपरा दिसल्यावर एवढा विचार कोण करतं?

टांगा केला. दोनदा म्हटलं, "जरा जोरात हाका."

"घोडं हाय बाई, इमान न्हाई," टांगेवाला म्हणाला.

ओट्यावर तिची सासू लसूण सोलत बसली होती. पोस्टमन अजून यायचा होता. मी तिथंच बसले.

"आज शाळा न्हाई व्हय?"

"दुपारची आहे, मावशी."

मग गल्लीच्या तोंडाशी पोस्टमन दिसला. एरवी तो लांबूनच हाका मारत यायचा. आज गप्प होता. तीन घरं आधीच थांबला, एक कार्ड छातीशी धरून. मैत्रीण दारात आली. तिनं त्याला पाहिलं आणि चौकट धरली.

मी धावत जाऊन कार्ड ओढून घेतलं. "माझं आहे हे! सिनेमाचं आहे!"

तिला ऐकू आलं की नाही कोण जाणे. ती फक्त कोपऱ्याकडे बघत होती. "वाच," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता.

"रविवारी सकाळी नऊ वाजता..."

"खोटं वाचतेस."

तिनं कार्ड हिसकावलं, स्वतः वाचलं, उलटून पाहिलं, पुन्हा वाचलं.

"कुनाचं हाय गं?" सासूनं विचारलं.

"कुणाचं नाही, आत्याबाई. हिच्या सिनेमाचं."

"मग कोपरा कुनी फाडला?"

मीच फाडला, असं मी सांगितलं. मैत्रिणीनं कार्डाचे तुकडे करून गटारात टाकले. "आता आंघोळ."

"अगं, खोटं कार्ड आहे ते."

"कोपरा फाटलाय ना? तूही कर."

दोघींनी गार पाण्यानं आंघोळ केली. तिचंच लुगडं नेसून मी घरी आले.

ती खेळाला आली नाही. पडद्यावर तिचं हसणं सुरू झालं तशी मी उठून बाहेर गेले. एका साप्ताहिकानं लिहिलं की भीती सिनेमाची नाही, निमंत्रणाची वाटली. दादाला ते पोस्टरवर छापायचं होतं. मी म्हटलं, छापून तर बघ.

त्यानंतर पोस्टमन तिच्या गल्लीत शिरतानाच ओरडायचा, "चांगलं आहे, बाई!" काही नसलं तरी.

पुढं तिच्या नवऱ्याचं कार्ड आलं तेव्हा ती ते शाळेत घेऊन आली. हातात घेताच माझी बोटं आधी चारही कोपऱ्यांवरून फिरली.

"ते मी केव्हाच पाहिलेत," ती म्हणाली. "वाच आता."