चालत ऐकायचं शिरूर

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. दिवाळीला पोटमाळा आवरायला घेतला की एका बरणीला हात लावावा आणि मागून तीन घरंगळाव्यात, तसं त्यांचं असतं. परवा नातवानं फोन दाखवला. परदेशातल्या कुठल्याशा जुन्या शहरात तो एकटाच फिरला, आणि कानातला आवाज त्याला सांगत होता, आता डावीकडे वळा, समोरचा मनोरा पाहा.

"आजोबा, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं."

"होतं की. शिरूरला."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मलाच शंका आली. जन्मभर इतिहास शिकवला, पुराव्याशिवाय बोलू नका असं मुलांना बजावत आलो, आणि या गोष्टीचा माझ्यापाशी एकही पुरावा नाही. ती कॅसेट कुठे गेली ठाऊक नाही. तेव्हा आठवतंय तसं सांगतो. क्रम थोडा चुकत असेल. बहुतेक चुकतच असेल.

* * *

आणीबाणी नुकतीच उठली होती. मी शिरूरच्या कॉलेजात इतिहास शिकवत होतो. आमचा अड्डा एसटी स्टँडजवळ, युसूफभाईंच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. तिथे कदम गुरुजी यायचे. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, आणि आवाज असा की न ओरडता शेवटच्या बाकापर्यंत जावा. गावात कुणाकडेही पाहुणा आला की गुरुजी त्याला स्टँडपासून पेठेतून नदीपर्यंत चालत न्यायचे आणि गाव सांगायचे. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, त्यांना राहवायचंच नाही.

एका संध्याकाळी ते दुकानात आले आणि चप्पल शिवायला टाकली म्हणावं तशा सुरात म्हणाले, "पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं. घशाचं ऑपरेशन करावंच लागंल. माणूस वाचंल, आवाज जाईल."

मला अशा वेळी नेमका संदर्भग्रंथ आठवतो, शब्द आठवत नाहीत. युसूफभाईंनी हातातली डाग द्यायची तापलेली सळई खाली ठेवली.

"कवाचं हाय ऑपरेशन?"

"दिवाळीनंतर."

"मंग टाइम हाय. आवाज भरून ठिवू."

त्यांच्या चुलतभावानं आखातातून कॅसेटचा टेपरेकॉर्डर पाठवला होता. जेवणाच्या डब्याएवढा, खांद्याला अडकवायला पट्टा. गुरुजींनी नेहमीसारखं चालायचं आणि बोलायचं, ते टेप करायचं. पुढे ज्याला गाव बघायचंय त्यानं तो डबा खांद्याला लावावा, स्टँडपाशी बटण दाबावं आणि गुरुजींबरोबर निघावं. गुरुजी घरी असले तरी.

* * *

मजकूर लिहायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. मी पंधरवडाभर खपलो. गुरुजींनी वेशीखाली उभं राहून वाचायला सुरुवात केली. "ही वेस बहुधा पेशवाईच्या उत्तरार्धातील असावी, तथापि याविषयी अभ्यासकांत एकमत नाही, आणि प्रस्तुत लेखकालाही खात्री नाही..."

त्यांनी बटण बंद केलं.

"सर, माणूस वेशीखाली उभा असणार. त्याला निदान वेस हाय, एवढं तरी खात्रीनं सांगू."

माझे कागद युसूफभाईंच्या दुकानात वडे खायच्या कामी आले.

* * *

खरी अडचण रस्त्यावर आली. शिरूरच्या पेठेतून कुणी गुपचूप जाऊ शकत नाही. प्रत्येक ओट्यावरून एकच प्रश्न येतो, "कुठं निघालात?" विचारणाऱ्याला पत्ता नको असतो. उत्तर मात्र द्यावंच लागतं. न देता पुढे गेलात तर संध्याकाळपर्यंत घरी निरोप येतो, काय चुकलं का आमचं?

त्यामुळे टेप अशी व्हायची: "इथं पूर्वी पलटणीचा बाजार भरायचा. राम राम, हा काय, पुढं चाललो. तर त्या बाजारात..."

दगडूआबा शिंप्यांचा ओटा तर अगदी वळणावर. आबा दिवसभर मशीन चालवायचे, पण डोळे रस्त्यावर. टेपवर आधी मशीनची खडखड येते, ती थांबते, आणि आबांचा आवाज.

"कुठं निघालात, गुरुजी?"

"हा काय, नदीपातूर. आलोच."

"या. च्या टाकतो."

मी म्हणालो, "हे पुसून परत घेऊ या. ऐकणाऱ्याला याचा काय उपयोग?"

"आबानं विचारल्यावर गप पुढं जाऊ व्हय?"

"टेपसाठी, गुरुजी. एकदाच."

"टेप आत्ता आली, सर. आबा रोजचे हायेत."

परत घ्यायचं म्हणजे कॅसेटची ती सगळी बाजू पुन्हा बोलायची. गुरुजींचा आवाज तोवर दुपारनंतर घोगरा व्हायला लागला होता. आम्ही पुढे निघालो. आबांचा चहा टेपवर राहिला.

* * *

आमच्यातले चौथे गायकवाड. मूळचे शिरूरचे, नोकरीला दौंडला रेल्वेत गार्ड. सुट्टीला आले की दुकानात हजर. त्यांना कौतुकानं टेप ऐकवली. शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "छान हाय. पण सर, तुमचं गाव वेशीपाशी संपतंय. आमचं तिथनं पुढं सुरू होतं."

मी काहीतरी नकाशाबिकाशाचं बोलायला लागलो. गुरुजींनी डबा उचलून सरळ गायकवाडांच्या खांद्याला अडकवला. "बोला. तुमचं तुम्हीच सांगा."

गायकवाडांनी त्यांची वस्ती सांगितली. विहीर, विहार, त्यांच्या आजानं बांधलेला पार. सुरेख बोलले. पण दर दोन-तीन वाक्यांनी मध्येच थांबायचे, आणि मग राहिलेल्या शब्दापासून पुढे.

मी विचारलं, "अडतंय का कुठं?"

"अडत न्हाई. इंजन जाऊ देतोय."

"इथं कुठलं इंजन?"

"दौंडात तसंच बोलत्यात, सर. शंटिंग चालू असतंय. इंजन जाऊ द्यायचं, मग पुढचं बोलायचं. सवय झाली."

गुरुजी बराच वेळ हसले. मग घशाला हात लावून म्हणाले, "माझी आता लांबलचक मालगाडी यायची हाय."

* * *

नदीच्या वाटेवर जुन्या इंग्रज छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाचं थडगं आहे. शेतकरी त्याला नवं धान्य वाहतात. माझं म्हणणं होतं, हा देव नाही हे टेपवर स्पष्ट सांगावं. गुरुजींचं म्हणणं, ते साहेबालाबी ठाऊक असंल.

पहिली चाचणी घेतली केंदूरहून आलेल्या एका जोडप्यावर. मी लांबून मागे मागे. थडग्यापाशी आल्यावर बाईंनी खांद्यावरचा डबा काढला, चौथऱ्यावर ठेवला आणि हात जोडून सगळं ऐकलं. मग पिशवीतला नारळ काढला आणि साहेबासमोर न ठेवता डब्यासमोर ठेवला.

मी घाबरून पुढे झालो. "अहो बाई, हे मशीन आहे."

"कळतंय मला. बोलतंय कोन?"

"कदम गुरुजी. ऑपरेशन आहे त्यांचं."

"मग बरोबर ठिवलाय," बाई म्हणाल्या.

* * *

दिवाळी झाली. गुरुजी पुण्याला दवाखान्यात गेले आणि इकडे त्यांचा आवाज गाव दाखवत फिरू लागला.

राहू गावचे एक जावईबापू डबा घेऊन गेले. पेठेत सासुरवाडीचे निम्मे लोक. जागोजाग चहा झाला, आणि बटण बंद करतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते बांगड्यांच्या दुकानात बसलेले असताना टेप नदीवर पोचली. परत येऊन मला म्हणाले, "सर, म्हंजी पूर्वी नदी बाजारातनं वाहत व्हती?" युसूफभाईंनी त्याच दिवशी थांबायच्या बटणाला लाल रंग दिला.

पुण्याहून एक निवृत्त मामलेदार आले. ते गेले आणि येईचनात. मी शोधायला निघालो, तर पेठेत एकेक पाऊल मोजून टाकत, मान खाली घालून चाललेले. सेल उतरले होते. गुरुजींचा आवाज खोल विहिरीतून येत होता आणि साहेब त्या चालीनं चालत होते.

"गंभीर वक्ते आहेत," ते म्हणाले. "दोन शब्दांमध्ये विचार करायला पुरेसा अवधी देतात."

मी हो म्हणालो. मला कधी कुणाला थांबवायचं हे आजही नीट समजत नाही.

* * *

गुरुजी परत आले ते गळ्याभोवती मफलर आणि हातात पाटी घेऊन. तब्येत सुधारत होती. रोज पेठेतून फेरी सुरू झाली. पण एक झालं. त्यांना कुणी काही विचारीना. ते दिसले की ओट्यावरची माणसं एकदम कामात. विचारलं आणि त्यांना उत्तर देता आलं नाही तर, म्हणून. दगडूआबा तर मान खाली घालून मशीन जोरात चालवायचे. कापड नसलं तरी.

एकदा दुकानात गुरुजींनी पाटीवर लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं. *मी दिसत नाही का कुणाला?*

मी समजावून सांगितलं. लोकांची सहानुभूती, संकोच, समाजमन वगैरे. बरंच बोललो. गुरुजींनी मफलरच्या टोकानं पाटी पुसली आणि युसूफभाईंकडे टेपरेकॉर्डरसाठी हात पुढे केला.

दोघं दुपारभर कॅसेट मागेपुढे करत बसले. थोडं ऐकायचं, थांबवायचं, पुन्हा मागे. शेवटी युसूफभाई म्हणाले, "बस. आता हात लावू नका." गुरुजींनी डबा खांद्याला अडकवला आणि पेठेत शिरले. मी नेहमीसारखा लांबून मागे.

वळणावर ते आबांच्या ओट्यासमोर जाऊन उभे राहिले. बोट बटणावर. आबांचं मशीन जोरात चाललं होतं. गुरुजी हलेनात. मशीन हळू झालं. मग थांबलं. आबांनी वर पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा गुरुजींकडे पाहिलं.

आबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"कुठं..." त्यांनी घसा साफ केला. "कुठं निघालात, गुरुजी?"

गुरुजींनी बटण दाबलं.

"हा काय, नदीपातूर. आलोच."

आबांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी डब्यातले आबाच बोलले, "या. च्या टाकतो."

आबा क्षणभर डब्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मशीनवरचा पाय काढला आणि स्टोला पंप मारायला आत गेले.